दार केवढे, जिना कसा: भोईवाड्यातील रुग्णसाहित्य केंद्र आणि आमचे हवालदारकाका

परळच्या भोईवाड्यात एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत चालणाऱ्या रुग्णसाहित्य केंद्राचा उपयोग मी दोनदा केला. पहिल्यांदा २०२२ च्या पावसाळ्यात, आईच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा. दुसऱ्यांदा २०२५ मध्ये, वडिलांना घरी ऑक्सिजन लावण्याची वेळ आली तेव्हा. या दोन वेळांच्या मध्ये, २०२४ च्या हिवाळ्यात, हे केंद्र उभे करणारे आणि पंधरा वर्षे रोज सकाळी स्वतः त्याचे कुलूप उघडणारे हवालदारकाका वयाच्या शहात्तराव्या वर्षी गेले. काका असताना तिथे काय मिळत होते आणि ते गेल्यावर काय मिळते, हे दोन्ही मी पाहिले आहे. ज्यांच्या घरी आज अचानक रुग्ण अंथरुणाला खिळला आहे, त्यांना या माहितीचा उपयोग व्हावा म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे.

आईच्या वेळी आम्ही आधी या केंद्रात गेलो नव्हतो. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी वॉकर आणि कमोड खुर्ची लिहून दिली आणि मी रुग्णालयाजवळच्या एका दुकानातून दोन्ही वस्तू भाड्याने आणल्या. दुकानदाराने पैसे घेतले, वस्तू पुढे सरकवल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी आल्यावर आई वॉकर धरून उभी राहिली तेव्हा तिचे खांदे कानांपर्यंत वर चढले होते. वॉकरची उंची तिच्या मानाने फार होती. ती कमी करण्याची सोय त्याच्या पायांतच असते, हे मला ठाऊक नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते. चार दिवसांत तिला पायापेक्षा खांदेदुखीचाच त्रास अधिक झाला. शेजारच्या वहिनी ते पाहून म्हणाल्या, "अहो, भोईवाड्यात हवालदारकाकांकडे का नाही जात?"

केंद्राला नाव नाही. दारावर हाताने रंगवलेली एक छोटी पाटी आहे, "रुग्णसाहित्य मिळेल", आणि खाली वेळ. आत शिरताच पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती मांडणी. व्हीलचेअर घडी घालून भिंतीशी एका रेषेत, वॉकर उंचीनुसार, कुबड्या जोडीजोडीने बांधून खुंटीला, बेडपॅन आणि युरिन पॉट धुऊन, उन्हात वाळवून, कागदात गुंडाळून फळीवर. पलंग वर-खाली करायच्या क्रँकना, म्हणजे फिरवायच्या दांड्यांना, तेल घातलेले असते. भाड्याने फिरणारे साहित्य या स्थितीत मी अन्यत्र पाहिलेले नाही.

मी गेले तेव्हा काका टेबलामागे ताठ बसले होते, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मी आजाराचे वर्णन करू लागले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, दार केवढं आहे? जिना कसा आहे?" मला उत्तर देता येईना. आम्ही नायगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिना लाकडी, अरुंद, मध्ये एक वळण. दाराची रुंदी मी जन्मात कधी मोजली नव्हती. काकांनी खिशातून टेप काढून माझ्या हातात दिला, "मोजून या, मग सामान देतो" म्हणाले आणि परत पाठवले. त्या क्षणी मला थोडा राग आला होता. नंतर कळले की साधारण मापाच्या व्हीलचेअरची बैठक अठरा इंच असली तरी चाकांसकट तिची रुंदी पंचवीस इंचांच्या पुढे जाते, आणि जुन्या चाळींतल्या कित्येक खोल्यांच्या दाराची उघडी बाजू त्याहून कमी भरते. खुर्ची घरापर्यंत नेऊन दारातच अडकते, मग हातरिक्षासारखी ती गॅलरीत पडून राहते आणि भाडे चालू राहते. काकांनी असे होऊ दिले नाही. आमचे दार चोवीस इंच निघाले, तेव्हा त्यांनी व्हीलचेअर दिलीच नाही. वॉकर आणि चाके नसलेली कमोड खुर्ची तेवढी दिली. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक असतो. अशा घरात कमोड खुर्ची ही रुग्णाची अब्रू राखणारी वस्तू असते, असे ते म्हणाले, आणि तिच्याभोवती लावायला जुन्या साडीचा पडदा कसा बांधायचा तेही त्यांनी दोरी घेऊन दाखवले.

वस्तू देण्याआधी शिकवणे हा त्यांचा नियम होता. माझेच हात खाली सोडायला लावून वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी येते का ते पाहायला शिकवले, कारण त्या उंचीवर कोपर किंचित वाकते आणि भार खांद्यावर न जाता तळहातावर जातो. काठी पुढे कधी दिलीत तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात द्या, हे सांगितले. जिन्यासाठी त्यांचे सूत्र आमच्या घरात आजही पाठ आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. अंथरुणात असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाड आणि टाचा यांवर शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होते. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. उचलताना कमरेतून वाकायचे नाही, गुडघ्यात बसायचे आणि रुग्ण छातीशी घ्यायचा. हे सगळे सांगायला त्यांना पंचवीस मिनिटे लागली. त्या दिवशी माझ्यामागे तिघे उभे होते आणि त्यांतल्या एकानेही कुरकुर केली नाही, कारण पुढची पंचवीस मिनिटे त्यांचीच होती.

हे ज्ञान त्यांच्याकडे आले कुठून, ते मला हळूहळू कळत गेले. काका साताऱ्याकडचे, घरातून फौजेत जाणारे तिसरे. १९६६ मध्ये अठराव्या वर्षी बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि पुढे जंगी पलटणीत, म्हणजे रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये गेले. ही पलटण १७६८ साली मुंबईतच उभी राहिली होती, याचा त्यांना फार अभिमान होता. "आमची पलटण मूळची तुमच्या गावची" असे ते आम्हा मुंबईकरांना सांगत. गावाकडे जत्रेत ढोल वाजवण्याचा सराव असल्याने त्यांना बँडमध्ये घेतले गेले आणि तिथे मोठा ड्रम त्यांच्या छातीवर आला. बँड म्हणजे संचलनाची आणि मेजवानीची शोभा, असे आपण समजतो. पण लढाई सुरू झाली की बँडची वाद्ये मागे ठेवली जातात आणि वादकांच्या हातात स्ट्रेचर येते. पायदळात ही जुनी रीत आहे. काकांच्या हाती ते १९७१ च्या डिसेंबरात आले.

जंगी पलटणीने त्या वर्षी ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवला होता. तिथल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला शरण येण्याचे पत्र पाठवले गेले तेव्हा त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हा प्रसंग युद्धाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातल्या तुकडीने बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, मराठ्यांनी तो मोडून काढला आणि ११ तारखेला जमालपूर पडले. काका गोळीच्या पत्राची गोष्ट आपणहून कधी सांगत नसत. विचारले तर "ते साहेबलोकांचं काम, आम्ही चिखलात होतो" एवढेच म्हणत. ते सांगत ते वेगळेच. वादकाला वर्षानुवर्षे एकच शिकवलेले असते, पाऊल मिळवायचे. डावा पडला की सगळ्यांचा डावा. स्ट्रेचर उचलल्यावर मात्र पहिल्या क्षणापासून पाऊल तोडावे लागते. पुढच्याने डावा टाकला तर मागच्याने उजवा टाकायचा, कारण दोघांचे पाऊल एकत्र पडले की स्ट्रेचर लयीत हिंदकळते आणि जखमीचे मोडलेले हाड प्रत्येक पावलाला हलते. "पाच वर्षं पाऊल मिळवायला शिकलो, ते एका रात्रीत विसरावं लागलं," असे काका म्हणत. भातखाचरांच्या बांधावरून, अंधारात, पाऊल तोडून चालणे त्यांना फार कठीण गेले होते. आपल्या चुकलेल्या पावलामुळे ओरडलेल्या एका जवानाचा आवाज त्यांच्या कानांत अखेरपर्यंत होता, हे त्यांनी मला एकदाच सांगितले.

१९८४ मध्ये ते निवृत्त होऊन भोईवाड्यात भावाच्या खोलीत आले. भाऊ गिरणी कामगार. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर त्याची गिरणी पुन्हा धड चालू झालीच नव्हती. काकांनी फोर्टमधल्या एका बँकेत बंदूकधारी पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि दोन्ही कुटुंबे त्या पगारावर चालली. पुढे भावाला अर्धांगवायू झाला. दोन वर्षे सकाळी कामावर जाण्याआधी आणि रात्री आल्यावर काका त्याला उचलून गॅलरीच्या टोकाला नेत. घरात खुर्ची नव्हती, आणि अशा खुर्च्या भाड्याने मिळतात हे चाळीत कोणाला माहीतही नव्हते. भाऊ गेला. २००८ मध्ये काका बँकेतूनही निवृत्त झाले. त्याच सुमारास सहाव्या वेतन आयोगामुळे फौजेची पेन्शन वाढली आणि २००६ पासूनचा फरक हाती आला, तेव्हा त्या पैशांतून त्यांनी दोन व्हीलचेअर, एक कमोड खुर्ची आणि चार कुबड्या घेतल्या. केंद्राची सुरुवात ती. मग ज्यांच्या घरचा रुग्ण बरा झाला किंवा गेला, ते आपापले साहित्य आणून देऊ लागले.

भोईवाड्यातली जागा त्यांना आपसूकच मिळाली होती, पण अशा केंद्रासाठी तिच्याहून योग्य जागा मुंबईत क्वचितच असेल. १९२६ पासूनचे के. ई. एम., १९४१ पासूनचे टाटा रुग्णालय आणि वाडिया ही सगळी पायी जाण्याच्या अंतरावर. टाटाला येणारे कितीतरी रुग्ण बंगाल, बिहार, विदर्भ, मराठवाडा इथून आलेले असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा कुठे पदपथावर राहतात. भाड्याच्या दुकानात त्यांच्याकडे मुंबईचा पत्ता मागतात. काका रुग्णालयाचे फाइल कार्ड आणि धर्मशाळेची पावती पाहून साहित्य देत आणि अनामत परवडत नसेल तर जेवढी असेल तेवढी घेत. "सामान बुडतं का?" असे मी विचारले होते. बुडते, म्हणाले, वर्षाला एखादी कुबडी. त्यांच्या वहीत त्या कुबडीपुढे रागाचा शब्द नव्हता, फक्त "परत नाही" असे लिहिले होते.

नंतर एकदा आईला बाहेरून घरी आणायचे होते, त्या दिवशी काका स्वतः दोन मुलांना घेऊन आले. वय चौऱ्याहत्तर, उचलणे मुलांचे होते, पण जिन्यावर एक पायरी खाली काका उभे. साध्या लाकडी खुर्चीवर आईला बसवून, चादरीने छातीशी सैल बांधून, खुर्ची मागे कलवून तिची पाठ जिन्याच्या वरच्या बाजूला केली. म्हणजे चढताना आईचे तोंड खाली, तिला सगळा जिना दिसणार. ती घाबरून डोळे मिटू लागली. काका म्हणाले, "आई, डोळे मिटू नका, चक्कर येते. माझ्या टोपीकडे बघा." वळणावर त्यांनी मुलांना थांबवले, दोघांचे श्वास सारखे होऊ दिले आणि मग पुढे. दोन मजल्यांना अकरा मिनिटे लागली. आईला एकदाही धक्का बसला नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यानंतरच्या वर्षापासून काकांनी परिसरातल्या गणेशोत्सव मंडळांच्या मुलांना, उत्सवाआधीच्या रविवारी, माणूस कसा उचलायचा ते शिकवायला सुरुवात केली: दोघांनी मनगटे धरून केलेली बैठक, घोंगडीची झोळी, गर्दीतून रुग्णाचे पाय पुढे ठेवून जाणे, आणि अर्थातच पाऊल तोडणे. जवळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबले की हीच मुले खुर्ची घेऊन डायलिसिसच्या रुग्णांना पलीकडे पोचवत. २०२४ मध्ये काकांची तिरडी त्यांच्याच खांद्यावर होती. मी गॅलरीतून पाहत होते. चौघांचे पाऊल एकमेकांशी मिळत नव्हते, आणि तिरडी अगदी स्थिर होती.

आता २०२५ चा अनुभव. वडिलांना फुप्फुसांचा जुना विकार. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लिहून दिला. केंद्रात पाच लिटरचे तीन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे, आहेत. त्यांतले दोन २०२१ च्या कोविडच्या लाटेत वर्गणी काढून घेतलेले. आज केंद्र चालवणारे चौघे: महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका आणि काकांनी तयार केलेल्यांपैकी तीन तरुण. मी गेले त्या संध्याकाळी एक नवा मुलगा एकटाच होता. त्याने चिठ्ठी आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, पावती केली, यंत्र दिले आणि एक छापील कार्ड हातात ठेवले. कार्डावरची माहिती अचूक आहे: यंत्र भिंतीपासून दूर ठेवावे, मागची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवावी, पाणी भरायच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणीच वापरावे, जवळ उदबत्ती-निरांजन लावू नये, वीज गेल्यास म्हणून लहान सिलिंडर भरून ठेवावा. पण त्याने काही दाखवले नाही. दारही विचारले नाही, जिनाही नाही. मी घरी आले आणि नळीची एक गाठ सोडवता न आल्याने वडील अर्धा तास तळमळले. काकांच्या केंद्रात हे घडावे याचे मला अतोनात वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन परिचारिकाबाईंना हे सांगितले. त्यांनी कारणे दिली नाहीत. काकांच्या वेळची जाड नोंदवही उघडून माझ्यासमोर ठेवली. तारीख, नाव, साहित्य, अनामत, परत, आणि शेवटी काकांनी पट्टीने आखलेला एक रकाना: "दाखवले". पंधरा वर्षांच्या प्रत्येक ओळीत तिथे काकांची सही होती. आईच्या ओळीतही. नव्या वहीत तो रकाना होता, पण गेल्या काही महिन्यांत बऱ्याच ओळी कोऱ्या होत्या. बाईंनी त्या मुलाला बोलावले आणि माझ्याबरोबर घरी पाठवले. त्याने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, नळी कुठून न्यायची ते भिंतीवर खुणा करून ठरवले, वडिलांकडून बाटली दोनदा उघडून-लावून घेतली. त्याचे हात शिकलेले होते. फक्त त्याला घाई झाली होती. त्यानंतर मी आणखी तीनदा गेले आहे आणि तिन्ही वेळा समोरच्या माणसाला शिकवणे चालू असलेले पाहिले आहे.

उणिवा आणखीही आहेत. फोन बहुतेक वेळा कोणी उचलत नाही. प्रत्यक्षच जावे लागते. फाउलर पलंग, म्हणजे डोक्याची आणि पायांची बाजू उचलता येणारे पलंग, तीनच आहेत आणि ते मोकळे मिळणे नशिबाचा भाग. वाहतुकीची सोय नाही, टेम्पो आपला आपण करावा लागतो. हवेच्या गादीचा एक पंप आवाज फार करतो, झोपमोड होते; तो बदलायला हवा. चाळ पुनर्विकासात जाणार आहे आणि पुढे तळमजल्याची जागा मिळेल की नाही, हे बाईंनाही सांगता आले नाही. वरच्या मजल्यावर, उद्वाहनाच्या भरवशावर हे केंद्र चालणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी आतापासून या जागेसाठी शब्द टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दर आजही नाममात्र आहेत. मी भरले ते असे: वॉकरला महिना ५० रुपये, कॉन्सन्ट्रेटरला महिना १५०० रुपये, अनामत साहित्य परत केल्यावर त्याच मिनिटाला मिळते. वेळ सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते आठ. रविवारीही उघडे असते. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्राची झेरॉक्स आणि शक्य असल्यास घरातला उचलणारा माणूस बरोबर न्यावा, कारण शिकायचे त्यालाच आहे. काकांचा टेप टेबलाच्या खणात असतो, पण फेरी वाचवायची असेल तर निघण्यापूर्वी घराचे दार उघडून त्याची रुंदी, मोरीचा उंबरठा आणि जिन्याचे वळण मोजून एका कागदावर लिहून न्यावे. पैसे देऊन झाल्यावर लगेच उठू नये. वहीतल्या शेवटच्या रकान्यात सही झाली का, ते पाहावे.